खरखरीत ठळक अक्षरांमागचं विज्ञान

ट्रेकिंगच्या ग्रुपचा टी-शर्ट, कॉफीचं पाकीट, मारधाडीच्या सिनेमाचं पोस्टर. अशा ठिकाणी एक अक्षर हमखास भेटतं: जाड, टोकांना शेपट्या नसलेलं, म्हणजे सॅन्स-सेरिफ, आणि अंगावर शाई नीट न बसल्यासारखे पांढरे डाग. आज हे डाग संगणकावर मुद्दाम काढतात. पूर्वी ते लाकूड, शाई आणि कागद यांच्या झटापटीत आपोआप उमटत.

एकोणिसाव्या शतकात जाहिरातींसाठी वीतभर उंचीची अक्षरं हवी झाली. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे ठसे, एवढे मोठे ओतले तर ते अवजड आणि महाग होत. शिवाय गार होताना धातू आकसून पृष्ठभागावर खळगा पडे. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स यांनी १८२७च्या सुमारास यंत्राने लाकडी खिळे कोरायला सुरुवात केली. १८३४मध्ये विल्यम लेव्हनवर्थ यांनी त्या तंत्राला पँटोग्राफची, म्हणजे नमुन्याची रेघ लहान-मोठ्या आकारात उतरवणाऱ्या साधनाची, जोड दिली, आणि एकाच नमुन्यावरून लहानमोठी अक्षरं कोरता येऊ लागली. लाकूड बहुधा मेपलचं, तेही ओंडका आडवा कापून घेतलेलं. त्यामुळे तंतू उभे राहत आणि छपाईचा भार त्यांच्या टोकांवर येई.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. जाड अक्षराचं क्षेत्रफळ मोठं, म्हणून तेवढ्याच बलात त्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला कमी दाब येतो. कागदाचे बारीक उंचवटे शाईला टेकतात, खळगे कोरडे राहतात. हेच ते पांढरे ठिपके. कागद उचलताना शाईचा थर मधूनच फाटतो, त्याने पृष्ठभाग आणखी खडबडीत दिसतो. काठाशी मात्र दाबली गेलेली शाई बाहेर सरकून गडद किनार तयार होते.

म्हणून चांगला खरखरीत फॉन्ट ओळखायचा तर अक्षराचं पोट आणि काठ वेगवेगळे पाहावेत. पोटात ठिपके, किनार बरीचशी भरीव, कोपरे थोडे झिजलेले असतील तर आरेखनकाराने छपाई निरखली आहे. सगळीकडे सारखीच वाळू भुरभुरली असेल तर तो फॉन्ट मला तरी निर्जीव वाटतो. दुसरी खूण म्हणजे पुन्हा आलेलं अक्षर. एकाच शब्दातल्या दोन ‘म’वर हुबेहूब तोच ओरखडा दिसला की डोळा लगेच अडतो. ओपनटाइप या प्रकारच्या संगणकी फॉन्टमध्ये एका अक्षराचे दोन-तीन पर्यायी आकार ठेवून ते आलटून पालटून वापरता येतात. याची किंमत फाइलच्या आकारात मोजावी लागते: रोमन ‘एच’ची साधी बाह्यरेषा १२ बिंदूंत होते, खरखरीत ‘एच’ला शेकडो लागू शकतात.

देवनागरीत काम आणखी जोखमीचं आहे. शिरोरेषेवर चुकून एक डाग राहिला तर ‘रग’चा ‘रंग’ होतो. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ ओरखड्यात गेली तर ‘व’ उरतो, ‘ष’ची गेली तर ‘प’. लॅटिन अक्षरांवरचा पोत जसाच्या तसा मराठी अक्षरांवर थापला की हे घोटाळे होणारच. अनुस्वार, मात्रांची टोकं आणि या तिरक्या रेघा भरीव ठेवून झीज जाड दांड्यांमध्ये उतरवली, तरच शब्द वाचता येतो.

मजकुराच्या परिच्छेदांसाठी मात्र हे अक्षर वापरू नये. लहान आकारात ठिपके नाहीसे होतात आणि काठ नुसते अस्पष्ट दिसतात. दोन-तीन शब्दांचं शीर्षक, तेही मोठं आणि सपाट रंगावर: इथे ते शोभतं.