दिवाणी न्यायालयाच्या वेळेची वाटणी : पार्श्वभूमी

दिवाणी दावे कसे चालवावेत हे ठरवणाऱ्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा इतिहास बहुधा विलंबाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु विलंबाच्या मुळाशी असलेला प्रश्न वाटणीचा आहे. न्यायाधीशाचा दिवस मर्यादित असतो, बोर्डावरची प्रकरणे अनेक असतात, आणि ऐनवेळी मागून घेतलेली तहकुबी, म्हणजे पुढे ढकललेली सुनावणी, हा दुसऱ्या कोणाच्या तरी दाव्याला मिळू शकला असता असा वाया गेलेला तास असतो.

विदर्भात ही वाटणी आधी भूगोलाच्या रूपाने पुढे आली. नागपूरला 1936 च्या जानेवारीपासून स्वतंत्र उच्च न्यायालय होते; 1956 च्या राज्य पुनर्रचनेत ते गेले आणि त्याच्या जागी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. पुढे मुंबई पुनर्रचना अधिनियम, 1960 च्या कलम 41 ने विदर्भातील जिल्ह्यांच्या प्रकरणांसाठी किमान तीन न्यायाधीशांनी नागपूरला बसावे, असे बंधन घातले. न्यायाधीशांची किमान संख्या कायद्यातच लिहून ठेवण्याची ही दक्षता राजकीय अविश्वासातून आली असेल, पण साधनांच्या वाटपाचा इतका स्पष्ट नियम दिवाणी प्रक्रियेत अन्यत्र सहसा आढळत नाही.

संहितेत तर तो नव्हताच. 1859, 1877 आणि 1882 च्या संहितांनंतर आलेली 1908 ची संहिता 1 जानेवारी 1909 पासून लागू झाली, आणि तिचे गृहीतक असे होते की दावा पक्षकार चालवतात व न्यायाधीश केवळ निर्णय देतो. 1976 च्या दुरुस्तीने कलम 35-ब आणून विलंब करणाऱ्यावर खर्च बसवण्याची सोय केली. 1 जुलै 2002 पासून लेखी कैफियतीस (प्रतिवादीच्या उत्तरास) 30 आणि फार तर 90 दिवस, एका पक्षकारास तीनच तहकुब्या आणि सरतपासणी (साक्षीदाराची त्याच्याच पक्षाने घेतलेली साक्ष) प्रतिज्ञापत्रावर, असे बदल झाले. मात्र 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 90 दिवसांची मुदत निर्देशात्मक, म्हणजे बंधनकारक नसलेली, ठरवली, आणि अपवादात्मक परिस्थितीत चौथ्या तहकुबीलाही वाट मोकळी ठेवली. या साऱ्या उपायांचा रोख पक्षकाराच्या वागणुकीवर होता. कोणत्या दाव्याला न्यायालयाचा किती वेळ द्यावा, याविषयी संहिता गप्पच राहिली.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न न्यायाधीश लॉर्ड वुल्फ यांच्या दिवाणी न्यायावरील 1996 च्या अहवालानंतर थेट नियमात उतरला. 26 एप्रिल 1999 पासून लागू झालेल्या तेथील दिवाणी प्रक्रिया नियमांच्या पहिल्याच नियमानुसार, प्रत्येक प्रकरणाला न्यायालयीन साधनांचा योग्य वाटा देताना इतर प्रकरणांची गरजही लक्षात घ्यावी लागते. त्यासाठी दाव्याची रक्कम व गुंतागुंत पाहून तीन मार्ग आखले गेले. आपल्याकडे सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशन प्रकरणातील 2005 च्या निकालाने न्या. जगन्नाथ राव समितीचे नमुना नियम पुढे ठेवले, त्यांत हीच दिशा होती: पोटगी, मुलांचा ताबा यांसारखे दावे पहिल्या मार्गावर नऊ महिन्यांत, पैशांचे दावे बारा महिन्यांत, तर मालमत्तेच्या वाटणीचे व तत्सम दावे चोवीस महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. नियम करण्याचे काम उच्च न्यायालयांवर सोपवले होते. नागपूर असो वा अन्य कुठले जिल्हा न्यायालय, या मुदती आणि वाटणीच्या दाव्याचा प्रत्यक्ष प्रवास यांचा मेळ बसत नाही, हे कोणताही दिवाणी वकील सांगेल.

वेगळा मार्ग खऱ्या अर्थाने मिळाला तो व्यापारी वादांना. 2015 च्या व्यापारी न्यायालय अधिनियमाने कैफियतीची कमाल मुदत 120 दिवस ठेवून ती बंधनकारक केली आणि प्रकरण-व्यवस्थापनाची सुनावणी आणली. 2018 मध्ये दाव्याच्या मूल्याची किमान मर्यादा एक कोटीवरून तीन लाखांवर आली. गुंतवणूकदारांना आश्वस्त करण्याचा हेतू समजण्यासारखा आहे, परंतु नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या भावाभावांतला शेतीच्या वाटणीचा दावा मागेच राहिला. न्यायाधीशांची संख्या पुरेशी असती तर हा भेद इतका बोचला नसता. विधी आयोगाने 1987 मध्येच दर दहा लाख लोकसंख्येमागे 50 न्यायाधीश सुचवले होते, त्या वेळी ते प्रमाण 10.5 होते, आजही ते शिफारशीच्या निम्म्यापर्यंत पोहोचलेले नाही.

या सर्व चर्चेत निकालाची प्रत्यक्ष अंमलबजावणी करणाऱ्या बेलीफ आणि नाझर या न्यायालयीन कर्मचाऱ्यांच्या वेळेचा हिशेब क्वचितच धरला जातो. हुकूमनामा (दाव्याचा अंतिम आदेश) मिळाल्यावरच पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात, असे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायपीठ असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1872 मध्ये म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दरखास्तींसाठी, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जांसाठी, सहा महिन्यांची मुदत घालून दिली. 2025 मध्ये त्याच न्यायालयापुढे आलेल्या आकडेवारीनुसार देशभर 8.82 लाखांहून अधिक दरखास्ती प्रलंबित होत्या, आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातील होत्या.