मास्क कशासाठी असतो?
मुलाला ब्लड कॅन्सर झाला की घरात ताटवाटी वेगळी होते, भावंडं मामाकडे धाडली जातात. ‘लागण होईल’ ही भीती जुनी आहे आणि साफ खोटी आहे. ल्युकेमिया, म्हणजे हा ब्लड कॅन्सर, स्पर्शाने, उष्ट्याने किंवा शिंकेने पसरत नाही. बोनमॅरोतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, पेशींच्या जनुकांत बिघाड होतो आणि त्या बेसुमार वाढतात, एवढंच.

गैरसमजाला खतपाणी घालतो तो मुलाच्या तोंडावरचा मास्क. पण केमोथेरपीत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात, त्यामुळे धोका मुलाला आपल्यापासून असतो! ताप आला तर रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठायचं. सर्दी-कांजिण्या झालेल्यांनी लांब राहायचं. बाकीच्यांनी हात धुऊन खुशाल शेजारी बसावं, पत्ते कुटावेत.

मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या एएलएल या ल्युकेमियाच्या प्रकाराचे उपचार साधारण २ ते ३ वर्षं चालतात. ते पूर्ण झाले तर बहुसंख्य मुलं बरी होतात. परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपास गावोगावचे आईबाप त्यासाठीच मुक्काम ठोकून असतात. इतका काळ भावंडांना तोडून ठेवायचं? आणि बोनमॅरो प्रत्यारोपणाची वेळ आलीच, तर डॉक्टर आधी सख्ख्या भावंडांनाच तपासतात. प्रत्येक भावंड पूर्ण जुळणारा दाता निघण्याची शक्यता २५ टक्के असते.