खत नदीत गेलं म्हणजे माशांना खुराक?

पंचगंगा घाटावर हमखास ऐकू येतं, "उसाचा युरिया नदीत आला तर बिघडलं कुठं? मासंच पोसतील." पोसतं ते शेवाळ आणि केंदाळ. ते कुजताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मासे तडफडतात. (सांडपाण्याचा वाटाही आहेच.) मग गाळात केसासारखे लाल किडे वळवळताना दिसले की लोक नदी 'जिवंत' ठरवतात! ते ट्युबिफेक्स कृमी. अंगातल्या हिमोग्लोबिनमुळे कमी ऑक्सिजनवरही तगतात, म्हणून उरतात.

समुद्राकाठीही खत बाधतंच. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या खाऱ्या दलदलीत शास्त्रज्ञांनी ९ वर्षं भरतीच्या पाण्यात खत मिसळलं. गवत वर जोमात, खाली मुळं कमी. खाडीचे काठ ढासळून चिखल झाला. जादा युरियानं आपला ऊसही असाच लोळतो की.