बर्फात वितळणारा पिस्टन

बाहेर उणे 30 अंश सेल्सिअस असताना इंजिन तापून बिघडेल, हे सहसा कुणाला पटत नाही. चहूकडे बर्फ, वारा बोचरा, मग पिस्टन वितळेल कसा? पण कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत जुन्या स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाड्या, जपणाऱ्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक असते. मोसमातल्या सगळ्यात गार सकाळी गाडी एरवीपेक्षा सुसाट पळते, आवाज खणखणीत येतो, आणि नेमका त्याच सकाळी पिस्टन सिलिंडरमध्ये जॅम होतो किंवा त्याला भोक पडतं.

या गाड्यांचं इंजिन टू-स्ट्रोक असतं. अनेक जुन्या गाड्यांत वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळून टाकतात. आत जाणारं पेट्रोल वाफ होताना पिस्टनची उष्णताही ओढून घेतं. म्हणजे पेट्रोल कमी पडलं, मिश्रण ‘लीन’ झालं, की वंगण आणि गारवा दोन्ही एकदम घटतात. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, आणि पिस्टन ज्या मिश्रधातूचा असतो तो त्याच्याही आधी. बाहेरचा बर्फ पिस्टनच्या माथ्याला वाचवू शकत नाही.

थंडीत पेट्रोल कमी का पडतं, हा मला या सगळ्यातला सर्वांत देखणा भाग वाटतो. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा घसा मध्यभागी अरुंद असतो. तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. खालच्या भांड्यातल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो, तो पेट्रोलला जेटच्या बारीक भोकातून वर ढकलतो. पेट्रोल ‘ओढलं’ जातं असं आपण म्हणतो, खरं तर ते ढकललं जातं.

आता थोडं गणित. घशातली दाबाची घट ही हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, या प्रमाणात असते. जेटमधून येणारं पेट्रोल त्या घटीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दोन्ही एकत्र केलं, तर पेट्रोल वाढतं वेग गुणिले घनतेचं वर्गमूळ या हिशेबानं, आणि हवेचं वस्तुमान वाढतं वेग गुणिले घनता या हिशेबानं. वेग दोन्हीकडे सारखाच, घनता मात्र एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे वर्गमुळात. म्हणजे हवा दाट झाल्याचं कार्बोरेटरला कळतं, पण अर्धवटच.

तापमान शून्यावरून उणे 30 वर गेलं, तर केल्विनमध्ये ते 273 वरून 243 होतं. हवा साधारण 12 टक्के दाट होते. पेट्रोल वाढतं फक्त 6 टक्के. शून्य अंशाला 12.5 भाग हवेला एक भाग पेट्रोल असं जमवलेलं मिश्रण आता 13.2 च्या पुढे जातं. त्यात 10 टक्के इथेनॉलचं पेट्रोल भरलं तर आणखी सुमारे 4 टक्क्यांची भर, कारण इथेनॉल स्वतःच थोडा ऑक्सिजन घेऊन येतं. रॉकी पर्वतांत 3000 मीटरवर याच्या उलट होतं. तिथे हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन चतुर्थांश असते, म्हणून खाली जमवलेलं मिश्रण वर ‘रिच’ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं, आणि इंजिन घुसमटतं.

पेट्रोलच्या नळीवर चुंबक बसवला की रेणू रांगेत येतात आणि ज्वलन सुधारतं, असं सांगून चुंबक विकणारे आजही आहेत. पेट्रोलवर चुंबकाचा परिणाम नगण्य असतो, आणि हवा किती दाट आहे याच्याशी चुंबकाचा संबंध नाही. पैसे जेटवर खर्च करावेत.

जोसेफ-आर्मां बोंबार्डिये यांची स्की-डू 1959 मध्ये क्वेबेकमधून बाजारात आली. त्यानंतरच्या दशकातल्या अनेक गाड्यांवर टिलोटसन कंपनीचे पडद्याचे (डायफ्रॅमचे) कार्बोरेटर असत. त्यांना पेट्रोलचं भांडं नसतं, पंप आतच असतो आणि गाडी कशीही कलंडली तरी पुरवठा चालू राहतो. पण वर्षांनुवर्षांनी पडदा कडक होतो आणि मग मिश्रण रोज वेगळं मिळतं. म्हणून बरेच जण जपानी मिकुनी व्हीएम कार्बोरेटर बसवतात. त्यात फ्लोटचं, म्हणजे तरंगत्या गोळ्याने पातळी राखणारं, भांडं असतं, त्यामुळे क्रँककेसच्या (पिस्टनखालच्या बंद पेटीच्या) दाबाच्या ठोक्यांवर चालणारा वेगळा पंप जोडावा लागतो. जोडणीचं रबरही नवीन हवं, कारण चिरलेल्या रबरातून शिरणारी हवा मिश्रण गुपचूप लीन करते.

बदलताना मोठ्या मापाचा मोह होतो. 30 मिलिमीटरऐवजी 34 चा घसा लावला, तर इंजिनाच्या त्याच फेऱ्यांना हवेचा वेग 22 टक्क्यांनी उतरतो. दाबाची घट वेगाच्या वर्गावर चालते, त्यामुळे ती जवळजवळ 40 टक्क्यांनी कमी होते. कमी फेऱ्यांना पेट्रोलचे थेंब नीट फुटत नाहीत आणि गाडी अडखळते. मोठा कार्बोरेटर म्हणजे जास्त ताकद, हे सरसकट खरं नाही.

व्हीएममध्ये थ्रॉटल जेमतेम उघडलेला असताना पायलट जेट या लहान जेटचं राज्य, मधल्या टप्प्यात थ्रॉटलबरोबर वरखाली होऊन पेट्रोलची वाट कमी-जास्त करणाऱ्या सुईचं, आणि पूर्ण उघडल्यावर मेन जेटचं. सुईची क्लिप एक खाच खाली लावली की सुई वर येते आणि मिश्रण रिच होतं. पिस्टन मुख्यतः मेन जेटच्या टप्प्यात जळतो. तिथे 6 टक्के जास्त पेट्रोल हवं असेल तर भोकाचं क्षेत्रफळ साधारण 6 टक्क्यांनी, म्हणजे व्यास 3 टक्क्यांनी वाढायला हवा. दीड मिलिमीटरच्या भोकात हा फरक 0.045 मिलिमीटर, माणसाच्या केसापेक्षाही कमी!

म्हणून जाणकार मोठ्या जेटपासून सुरुवात करून खाली येतात. नवा स्पार्क प्लग लावायचा, पूर्ण थ्रॉटलवर थोडं अंतर पळायचं, तिथेच इंजिन बंद करून प्लग काढून पाहायचा. काळाकुट्ट असेल तर मिश्रण रिच, फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर पुढे एक मीटरही जाऊ नये. आणि वसंतात बर्फ पाघळायला लागला की हाच जेट हवेच्या मानाने जास्त पेट्रोल देऊ लागतो, आवाज जड होतो, धूर वाढतो. मग भांडं खोलून लहान जेट परत लावायचा.