वारली लग्नचौक

उत्तर कोकणातील डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड (जि. पालघर) या भागांत वारली समाजातील स्त्रियांनी लग्नप्रसंगी घराच्या आतल्या भिंतीवर काढावयाचे विधिचित्र. कलेतील कर्तेपण कोणाच्या नावावर लागते, या स्त्रीवादी कलाविचारातील कळीच्या प्रश्नाचे हे कोकणातील ठळक उदाहरण होय.

सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने सवासिनी चौक लिहितात. नक्षीदार किनारीच्या आत सुफलतेची मातृदेवता पालघट देवी, तर शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या हा पाच शिरांचा देव असतो. लग्न लावण्याचा अधिकारही परंपरेने गीते गाणाऱ्या धवलेरीचा, म्हणजे स्त्रीचाच.

या चित्रपरंपरेच्या काळाविषयी एकमत नाही. मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील शैलचित्रांशी असलेले साम्य दाखवून काही लेखक तिचा उगम नवाश्मयुगापर्यंत, इ. स. पू. सुमारे ३००० पर्यंत, नेतात. इतर काही जण इ. स. दहाव्या शतकाच्या आसपासचा काळ सुचवतात. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून साधलेली मानवाकृती हा पहिल्या मताचा मुख्य आधार आहे. परंतु इतकी साधी आकृती परस्परसंबंध नसतानाही अनेक ठिकाणी उद्भवू शकते. शिवाय सारवणाबरोबर जुने चित्र पुसले जात असल्याने दोहोंमधला दुवा ठरेल असा पुरावा भिंतीवर टिकत नाही. म्हणून परंपरा जुनी आहे एवढेच म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

१९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली. विधीबाहेर, रोजच्या जगण्यावर चित्रे काढणारे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांची कीर्ती देशाबाहेर पोचली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची प्रतिभा निर्विवाद आहे. मात्र ‘स्त्रिया रूढी गिरवीत होत्या, पुरुषाने तिची कला केली’ ही पुढे रूढ झालेली मांडणी स्वीकारण्याजोगी नाही. रेषा, मांडणी आणि अवकाशाची जाण म्हसे यांच्या आधीपासून सवासिनींच्या हातात होती. विधी म्हणून काढलेल्या चित्राखाली सही नसते. चित्र विकले जाऊ लागले तेव्हा ती आली, आणि प्रथम पुरुषांची आली. थोर स्त्रीकलावंत का दिसत नाहीत, याचे कारण कुवतीत नसून संस्थांत शोधावे, असे अमेरिकी कलेतिहासकार लिंडा नॉक्लिन यांनी १९७१ मध्ये पाश्चात्त्य कलेविषयी मांडले होते. डहाणूच्या बाबतीतही ते लागू पडते.

तथापि चौकाला सरसकट स्त्रीवादी म्हणणे ओढाताणीचे होईल. तो लिहिण्याचा मान पती हयात असलेल्या स्त्रीचा आहे. विधवेला परंपरेने तो नाही. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. आता वारली स्त्रियाही कागदावर व कापडावर विक्रीसाठी चित्रे काढतात आणि त्यांखाली स्वतःचे नाव घालतात.