महाधमनीची शस्त्रक्रिया आणि कोलनचा पर्यायी रक्तपुरवठा: पार्श्वभूमी

पोटातल्या महाधमनीच्या फुगवट्यावर ग्राफ्ट (बदली नळी) बसवताना मोठ्या आतड्याच्या, म्हणजे कोलनच्या, डाव्या भागाला रक्त देणाऱ्या इन्फिरियर मेसेंटेरिक धमनीचं (आयएमए) तोंड बहुधा बदलायच्या भागातच येतं. ती बांधली तरी बहुतेकांचं डावं कोलन टिकतं. ते नेमकं कशाच्या आधारावर टिकतं, हे उलगडायला बराच काळ गेला.

शरीररचना आधीच माहीत होती. सुडेक यांनी १९०७ मध्ये सिग्मॉइड (कोलनचा शेवटचा भाग) आणि गुदाशयाच्या संधीजवळचा धमन्यांमधला कच्चा दुवा दाखवला. १९१४ च्या सुमारास ड्रमंड यांनी कोलनच्या तिन्ही मुख्य शाखा बांधूनही कोलनच्या कडेने जाणाऱ्या धमनीतून द्रव सिग्मॉइडपर्यंत पोहोचतो हे सिद्ध केलं. पण प्लीहेजवळच्या वळणावर हीच कडेची धमनी काहींमध्ये बारीक किंवा तुटक असते. ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये त्याकडे लक्ष वेधलं. सुडेक यांच्यापुढे प्रश्न गुदाशय काढण्याचा होता. महाधमनीच्या शस्त्रक्रियेत धमनी बांधणारी गाठ आयएमएच्या मुळाशी पडते, म्हणून इथे ग्रिफिथ्स यांची जागा जास्त घातक.

१९५१ मध्ये पॅरिसला द्युबोस्त यांनी फुगवटा काढून मानवी धमनीचा तुकडा बसवला आणि हा प्रश्न महाधमनीच्या सर्जनपुढे आला. खरा सापळा मात्र १९५३ मध्ये कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत दिसला: शॉ आणि ग्रीन यांनी आयएमए बांधल्यावर आतड्याचा मोठा भाग मेल्याचं नोंदवलं. लहान आतड्याला रक्त देणारी सुपीरियर मेसेंटेरिक धमनी आकुंचलेली असेल, तर नागमोडी जाड जोडवाहिनीतून प्रवाह उलटा, म्हणजे आयएमएकडून वर जातो. अशी आयएमए बांधली की लहान आतडंही मरू शकतं. म्हणून अँजिओग्राममध्ये (रक्तवाहिन्यांच्या चित्रात) ही जाड वाहिनी दिसली की प्रवाहाची दिशा पाहिल्याशिवाय गाठ मारू नये.

क्रीच यांनी १९६६ मध्ये रूढ केलेल्या पद्धतीत फुगवटा उघडून ग्राफ्ट आतून शिवतात. त्यामुळे आयएमएचं तोंडही आतून, अगदी मुळाशी बंद करता येतं. बाहेरून, पुढे जाऊन बांधली तर वर जाणारी लेफ्ट कॉलिक शाखा तुटते आणि आधाराचीच वाट बंद होते.

१९७० च्या दशकात अर्न्स्ट यांनी आयएमएच्या बुंध्यातला दाब मोजायला सुरुवात केली. दाब ४० मिमी पाऱ्याखाली असेल किंवा उघडं तोंड असूनही मागून, आतड्याच्या बाजूने, रक्त जेमतेम येत असेल, तर महाधमनीच्या भिंतीची चकती ठेवून ते ग्राफ्टला जोडतात. तोंड आधीच बुजलेलं असेल तर सहसा काही करावं लागत नाही. मागून जोरात येणारं रक्त हा दिलासा असतो, हमी नव्हे. नंतर रक्तदाब घसरला तर तोच आधार अपुरा पडतो. पहिल्या दोन दिवसांत रक्ताचे जुलाब झाले, रक्तातलं लॅक्टेट (ऊतींना रक्त कमी पडल्याची खूण) चढत राहिलं, तर लगेच सिग्मॉइडोस्कोपी (दुर्बिणीने सिग्मॉइडची तपासणी) करावी.

१९९० मध्ये पारोदी यांनी धमनीतून स्टेंट-ग्राफ्ट (जाळीचा आधार असलेली नळी) बसवला. त्यात आयएमए झाकलीच जाते, म्हणून ओटीपोटातल्या आतल्या इलियाक धमन्यांचं मोल वाढलं. गुदाशय, नितंब आणि मज्जारज्जूचं खालचं टोक त्यांच्यावर अवलंबून असतं. त्यांना आधार मिळतो लंबर (कमरेच्या) धमन्यांचा आणि मांडीतल्या प्रोफंडा फेमोरिस या खोल धमनीच्या शाखांचा. दोन्ही बाजू बंद केल्या तर चालताना नितंब दुखणं, नपुंसकत्व, क्वचित कोलनची इजा संभवते. निदान एक बाजू राखावी, गरज पडल्यास शाखायुक्त स्टेंट-ग्राफ्टने. धमनी बंद करणारी कॉइल (तारेचं वेटोळं) टाकावीच लागली तर ती मुख्य खोडात, फाट्यांच्या अलीकडे ठेवावी, म्हणजे पुढच्या शाखा एकमेकींशी जोडलेल्या राहतात.