ग्लुकोजचं पाणी म्हणजे ओआरएस नव्हे
एप्रिल-मे आला, जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 ला टेकला की घरोघरी तेच ऐकू येतं: "पोराला जुलाब लागले होते, ग्लुकोज पाजलंय, आता काळजी नाही." काळजी आहे!

ग्लुकोज पावडर सगळ्यांच्या ओळखीची. थकल्यावर तरतरी येते, कारण ती मुख्यतः साखर. ओआरएस म्हणजे जुलाबात गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढायला मोजून केलेलं मीठ-साखरेचं पाणी. दोन्हींतले चव, किंमत, डबा की पुडी, हे फरक सोडून द्या. खरा फरक मिठाचा, आणि मीठ-साखरेच्या प्रमाणाचा.

आतड्याच्या अस्तरातून सोडियम (मिठातला घटक) आणि ग्लुकोज जोडीनं आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी शोषलं जातं. जुलाबातही ही वाट बहुधा चालू असते. म्हणून ओआरएसच्या एका लिटरात ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि सायट्रेट 2.9 असं मोजून ठरवलेलं असतं. पाणी फार गोड झालं तर न शोषलेली साखर अंगातलंच पाणी आतड्यात ओढते. जुलाब थांबायचे सोडून वाढतात. गोड शीतपेयांचंही तेच. सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर 'ओआरएस' छापायला 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं मनाई केली, ते फार बरं झालं.

मला सर्वांत जास्त खटकतं ते ओआरएसची अर्धी पुडी पेल्यात टाकणं. मोठी पुडी एक लिटरची, छोटी 200 मिलीची. पुडीवर लिहिलेलं वाचा आणि अख्खी पुडी तेवढ्याच पाण्यात घाला. दाट द्रावणानं लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. वरून साखर नको, दुधात-सरबतात कालवणं नको, आणि 24 तासांनी उरलेलं ओतून द्या. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

धडधाकट माणसाला ओआरएस रोज लागत नाही. शेतात निघताना भरलेली पाण्याची बाटली, कळण्याची भाकरी, ठेचा, ताक, एवढ्यात मीठ-पाणी भागतं. मूत्रपिंडाचा किंवा बीपीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ऊन लागून माणूस बरळू लागला तर तोंडात काहीही ओतू नका. अंग गार करत थेट दवाखान्यात न्या.

पोराला उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा-चमचा पाजा.